हजेरीची वही

शाहू छत्रपतींच्या जयंतीचा दिवस आला म्हणजे कोल्हापुरात त्यांच्या कार्याची उजळणी होते. वसतिगृहे, राधानगरीचे धरण, १९०२ चा राखीव जागांचा जाहीरनामा, १९१७ चे सक्तीचे शिक्षण, १९२० ची माणगावची परिषद, ही नावे शाळकरी मुलांसही पाठ असतात. त्यांच्या हुकुमांत आणखी एक हुकूम आहे. तो १९१८ सालचा. त्याने कोणती इमारत उभी राहिली नाही की कोणता पाट वाहू लागला नाही. जे चालू होते तेवढे बंद पडले. गावच्या चावडीवर काही ठरावीक जातींच्या लोकांची जी हजेरी घेतली जात असे ती त्या हुकुमाने थांबली. इमारतीस कोनशिला असते, मिटलेल्या वहीस नसते. म्हणून असेल, पण या हुकुमाचा उल्लेख एका ओळीत आटोपण्याची आमच्याकडे वहिवाट पडली आहे. माणसाचे नाव, ठिकाण, बोटांचे ठसे आणि जाण्यायेण्याची नोंद सरकारने किती ठेवावी, हा प्रश्न आज घरोघर येऊन ठेपलेला असताना त्या एका ओळीपाशी थोडे थांबावे असे आम्हांस वाटते.

हजेरी म्हटले की आमच्या वाचकांस शाळेचा वर्ग आणि मास्तरांचा चष्मा आठवेल. चावडीवरची हजेरी निराळी होती. महार, मांग, रामोशी, बेरड या जातींतील पुरुषांनी नेमल्या वेळी चावडीवर जाऊन गावकामगारापुढे तोंड दाखवावयाचे, परगावी जावयाचे तर सांगून जावयाचे, आणि वेळेवर न दिसल्यास जाब द्यावयाचा, असा तो प्रकार. या माणसाने पूर्वी काही गुन्हा केला होता काय, हा प्रश्न त्यात गौण होता. तो कोणाच्या पोटी जन्मला एवढे ठाऊक असले म्हणजे पुरे. आता कोणा गृहस्थाने मनाशी कल्पना करून पाहावी. मुलीच्या सासरी आजारपण निघाले आहे, तिचे गाव चार कोसांवर. किंवा शेजारच्या बाजारात दोन दिवसांचे काम मिळण्यासारखे आहे. निघावयाच्या आधी परवानगी. परवानगी देणारा गावातलाच; त्याची मर्जी सांभाळलेली असेल तर आज मिळेल, नसेल तर उद्या या. अशा स्थितीत मजुरीचा भाव तरी कोण कसा ठरवणार? ज्याला गाव सोडता येत नाही त्याला गाव देईल त्या दरात राबणे भाग असते. हजेरी ही चोरीच्या बंदोबस्तासाठी होती असे म्हणत. तिचा उपयोग मात्र चोरीपुरता राहणे शक्य नव्हते.

यातील आणखी एक गोष्ट सांगितल्यावाचून राहवत नाही. रामोशी आणि बेरड हे परंपरेने राखणदार. गावाच्या शिवेवर, किल्ल्याच्या दरवाजावर, सावकाराच्या वाड्यापुढे जागणारी ही माणसे. महार तर बलुतेदारीत गावाची शीव आणि गावाचा सरकारी वसूल सांभाळणारा. ज्याच्या भरवशावर गावाने झोपावयाचे, त्याच्याच नावाची वही करून तो रात्री कोठे आहे हे गावाने तपासावयाचे, अशी ही व्यवस्था होती.

ही वही कोल्हापुरात निपजली नव्हती. ब्रिटिश मुलखात १८७१ साली जो गुन्हेगार जमातींचा कायदा झाला, त्याने एखाद्या जमातीस सबंधच्या सबंध गुन्हेगार ठरवून तिच्या माणसांची नोंद करण्याचा अधिकार सरकारास दिला. आणि अशा जाहिरातीच्या योग्यायोग्यतेविषयी कोणत्याही न्यायालयाने शंका काढू नये असेही त्यातच लिहून ठेवले. हा कायदा आरंभी उत्तरेकडे लागू झाला. १९११ साली तो नव्याने करून साऱ्या ब्रिटिश हिंदुस्थानापुरता विस्तारण्यात आला आणि १९२४ साली त्याचे एकत्रीकरण झाले. जिल्हा मॅजिस्ट्रेटने नोंदवही करावी, नोंदलेल्याने ठरल्या वेळी हजेरी द्यावी, मुक्काम बदलल्यास कळवावे, बोटांचे ठसे द्यावेत. शिवाय सरकारास वाटल्यास त्यांना वसाहतीत कोंडावे आणि मुलांस आईबापांपासून वेगळे काढून निराळ्या शाळेत ठेवावे. सोलापूरची तारेच्या कुंपणातली वसाहत याच कायद्याची. तेथील माणसे गिरण्यांत कामाला जात आणि पुन्हा कुंपणात येत.

बोटांच्या ठशांचे शास्त्रही येथलेच. ठशांवरून माणूस ओळखण्याचे पहिले सरकारी कार्यालय १८९७ साली कलकत्त्यास निघाले आणि ठशांची वर्गवारी बसवण्यात अझीझुल हक व हेमचंद्र बोस या दोन हिंदी अंमलदारांचा मोठा हात होता; पद्धतीस नाव मात्र त्यांच्या गोऱ्या वरिष्ठाचे, हेन्रीचे, मिळाले. पुढे हीच पद्धती इंग्लंडास गेली. ट्रान्सवालमध्ये १९०६ पासून हिंदी लोकांस सक्तीने नोंदणी करून बोटांचे ठसे देण्यास सांगण्यात आले, तेव्हा गांधींनी त्याविरुद्ध सत्याग्रह उभारला आणि १६ ऑगस्ट १९०८ रोजी जोहान्सबर्गच्या मशिदीपुढे नोंदणीच्या दाखल्यांची होळी झाली. त्या अपमानाने इकडचा सुशिक्षित वर्ग फार तळमळला आणि ते योग्यच होते. गोपाळ कृष्ण गोखले, ज्यांचे काही शिक्षण कोल्हापुरासच राजाराम कॉलेजात झाले होते, ते १९१२ साली स्वतः दक्षिण आफ्रिकेस जाऊन आले. त्याआधी १९१० साली नाताळच्या गिरमिटिया मजुरांविषयी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात ठराव आणला होता. त्याच कायदेमंडळाने पुढल्याच वर्षी, १९११ साली, आपल्याच देशातील लक्षावधी माणसांचे ठसे घेण्याचा कायदा पसार केला. आमच्या वडीलधाऱ्यांच्या सभांत पहिल्या विषयास जी जागा मिळाली ती दुसऱ्यास मिळाली नाही. ट्रान्सवालचा व्यापारी आपला वाटत होता. वेशीबाहेरचा बेरड तसा वाटत नव्हता.

संस्थानास ब्रिटिशांचा कायदा आपोआप लागू नसे, परंतु रिवाज आणि पोलिसी पद्धत यांस सरहद्दीचा अटकाव नसतो. कोल्हापूर संस्थानाच्या भोवती साताऱ्याचा, बेळगावचा, रत्नागिरीचा ब्रिटिश मुलूख. तिकडे जो संशयित तो इकडेही संशयित, हे ओघानेच आले. १९१८ साली शाहू छत्रपतींनी ही हजेरी आपल्या राज्यात बंद केली. एका अर्थी हे धाडस होते, कारण शेजारच्या जिल्ह्यांत नुकताच कायदा अधिक कडक झाला होता आणि इकडे पाश उलगडले जात होते. चोऱ्या वाढतील, ही शंका कोणाही कारभाऱ्यास आली असती. छत्रपतींनी त्या शंकेस दिलेले उत्तर कागदावर नव्हते, ते सोनतळीस होते.

शिकारीच्या निमित्ताने फासेपारध्यांशी त्यांचा संबंध आलेला होता. रानाची खडान्‌खडा माहिती असलेली, जनावराचा माग काढण्यात पटाईत अशी ही माणसे. पण गावोगाव त्यांच्या मागे पोलीस. महाराजांनी त्यांना सोनतळीच्या कॅम्पावर राहावयास जागा दिली, काम दिले आणि पहाऱ्यावर नेमले. चोर म्हणून ज्यांची नोंद व्हावयाची त्यांच्या हाती राजाने स्वतःच्या मुक्कामाची राखण दिली. हे सर्व राजेशाही लहरीचे लक्षण आहे असे म्हणणारे तेव्हाही असतील. आम्हांस मात्र त्यात एक सरळ विचार दिसतो. पोटास मिळाले म्हणजे चोरीचे कारण उरत नाही, आणि नित्य संशयाखाली ठेवलेल्या माणसाला कोणी पोटास देत नाही. तेव्हा पोलिसाने ज्या टोकाला हात घातला त्याच्या उलट टोकापासून सुरुवात करावयाची.

एवढ्यावरून शाहू छत्रपती सरकारी नोंदींच्या विरुद्ध होते असे कोणी समजेल तर ती मोठी चूक होईल. नोंदी ठेवणारा राजा म्हणून पाहिले तर त्यांच्याइतका नेटाचा राजा त्या काळात विरळा. १९०२ च्या जाहीरनाम्याने मागासलेल्या वर्गांसाठी निम्म्या जागा राखल्या गेल्या, हे सर्वांस माहीत आहे. पण त्याच हुकुमात दर तिमाहीस प्रत्येक खात्याने आपले पत्रक सरकारकडे पाठवावे अशीही तजवीज होती, तिच्याकडे लक्ष जात नाही. कोणत्या जागेवर कोणत्या वर्गाचा माणूस आहे हे लिहून काढल्याशिवाय त्या हुकुमाचा अंमल होणेच शक्य नव्हते. सक्तीच्या शिक्षणाचेही तसेच. शाळेत जाण्याच्या वयाची मुले कोणत्या घरी किती आहेत याची यादी झाली पाहिजे, कोण आले आणि कोण आले नाही हे पाहिले पाहिजे, आणि मुलास न पाठवणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड. त्या काळचा एक रुपया शेतमजुरास जड होता. म्हणजे ज्या महाराच्या बापाची चावडीवरची हजेरी १९१८ साली बंद झाली, त्याच्याच मुलाची शाळेतली हजेरी नुकतीच सक्तीची झालेली होती, आणि दोन्ही हुकूम एकाच गादीवरून सुटले होते.

या दोन हजेऱ्यांत फरक काय? एकीत सरकार म्हणते, तू कोण आहेस ते आम्हांस ठाऊक आहे, म्हणून जागचा हलू नकोस. दुसरीत सरकार म्हणते, तू कोण आहेस ते आम्ही लिहून ठेवतो, म्हणजे तुझे देणे आमच्याकडून बुडणार नाही. दोन्हींत जात लिहिलेली आहे, दोन्हींत सक्ती आहे. कागद पाहून भेद कळणार नाही. वही कोणाच्या हाती, ती कोणाच्या विरुद्ध उघडावयाची, आणि ज्याचे नाव तीत आहे त्यास ती वाचून पाहण्याची, तीतून नाव काढून घेण्याची काही वाट आहे काय, हे विचारल्यावर तो कळतो.

वही कोणाच्या हाती, हा प्रश्न त्याच १९१८ साली महाराजांनी निराळ्या बाजूने सोडवला, आणि तेथे आमच्या कित्येक वाचकांच्या आजोबा-पणजोबांशी त्यांचा खटका उडाला. कुळकर्णी वतन खालसा करून त्यांनी पगारी तलाठी नेमले. गावचे दप्तर, म्हणजे कोणाची जमीन किती, कोणाकडे बाकी किती, कोणाची हद्द कोठवर, हे सारे ज्ञान पिढ्यान्‌पिढ्या एका घराच्या माळवदावर रुमालांत बांधून ठेवलेले असे. त्यांत प्रामाणिक माणसे पुष्कळ होती. दुष्काळात स्वतःच्या पदरचे घालून रयतेचा वसूल भरणाऱ्या कुळकर्ण्यांच्या कथा आम्हीही ऐकल्या आहेत. तथापि ज्याला वाचता येत नाही त्याच्या सातबाऱ्याचा कागद एका घराच्या वंशपरंपरागत मालकीचा असावा हे काही योग्य नव्हे. पगारी तलाठ्याने सर्व काही सुधारले असे मात्र म्हणवत नाही. तलाठ्यापुढे ताटकळत बसलेला शेतकरी आजही दिसतो, एवढे सांगितले म्हणजे पुरे. तरीसुद्धा तलाठ्याची बदली होते, त्याच्याविरुद्ध अर्ज करता येतो. वतनाविरुद्ध अर्ज कोठे करावयाचा?

येथपर्यंत आम्ही छत्रपतींची बाजू उजेडात मांडली. दुसरीही बाजू कोल्हापूरच्याच इतिहासात आहे आणि मासिकाच्या पानावरून तिच्याविषयी मौन पाळणे बरे दिसणार नाही, कारण ती एका मासिकाचीच हकिगत आहे. राजाराम कॉलेजातील प्रोफेसर विष्णु गोविंद विजापूरकर कोल्हापुरात ‘विश्ववृत्त’ नावाचे मासिक चालवीत. त्यांत १९०८ च्या सुमारास श्रीपाद दामोदर सातवळेकरांचा वैदिक प्रार्थनांवरील एक लेख आला. वेदांतील शत्रुनाशाच्या प्रार्थनांचा अर्थ राजद्रोहाचा आहे असे ठरवून त्यावर खटला झाला आणि विजापूरकरांस तुरुंगवास भोगावा लागला. रेसिडेन्सीचा दाब होता, बॉम्बच्या प्रकरणांचे दिवस होते, आणि वेदोक्ताच्या वादामुळे कोल्हापुरातील मनेही आधीच दुभंगलेली होती. हे सर्व ध्यानात घेऊनही एका विद्वानाला एका लेखासाठी जो तुरुंग लागला तो छत्रपतींच्या राज्यात लागला, ही गोष्ट पुसता येत नाही. दहा वर्षांनी ज्या राज्याने बेरडाचे नाव वहीतून काढले, त्याच राज्यात संपादकाचे नाव काळ्या यादीवर चढले होते. शाहू छत्रपतींस नागरिक-स्वातंत्र्याचा आजच्या अर्थाचा पुरस्कर्ता म्हणणे म्हणूनच आम्हांस अवघड वाटते. दुबळ्याच्या अंगावरचा जाच त्यांना तत्काळ दिसे आणि सहन होत नसे; शब्दाच्या स्वातंत्र्याविषयी तसे म्हणता येत नाही.

आणखी असे की, हजेरी बंद झाली ती राजाच्या हुकुमाने. जे हुकुमाने मिळते त्यास हुकुमापुरतेच आयुष्य. ६ मे १९२२ रोजी छत्रपती निवर्तले, त्या वेळी त्यांचे वय अवघे ४७ होते. सरहद्दीपलीकडे तर वही चालूच होती. कोल्हापुरात मोकळा फिरणारा रामोशी सातारा जिल्ह्याच्या हद्दीत पाऊल टाकताच पुन्हा संशयित ठरू शके. काही प्रांतांनी हा कायदा आधी मोडीत काढला, आणि ३१ ऑगस्ट १९५२ पासून तो साऱ्या देशातून गेला. तोवर १ मार्च १९४९ रोजी कोल्हापूर संस्थानही मुंबई प्रांतात विलीन होऊन गेले होते. पूर्वीच्या ‘गुन्हेगार’ जमातींस आता विमुक्त म्हणू लागले. परंतु १९५९ साली मुंबई राज्याने सराईत गुन्हेगारांचा कायदा केला. तो व्यक्तीच्या शिक्षांवर आधारलेला, जातीवर नव्हे, हे न्यायाने सांगितले पाहिजे. तरी वहीच्या मुखपृष्ठावरचे नाव बदलले म्हणून वही उघडणाऱ्याची सवय बदलते असे नाही. ‘बेरड’, ‘उचल्या’ ही त्या समाजांतील लेखकांची आत्मकथने ज्यांनी वाचली आहेत त्यांस हे निराळे सांगावयास नको.

राजाच्या कृपेने जे मिळाले ते हक्क म्हणून मिळावयास न्यायालयाची फार लांबची वाट चालावी लागली. उत्तर प्रदेशातील खरक सिंग नावाच्या गृहस्थावर दरोड्याचा आळ आला. पुराव्याअभावी तो सुटला. परंतु पोलिसांनी त्याचे नाव आपल्या नोंदवहीत ठेवले आणि रात्रीअपरात्री त्याचे दार ठोठावू लागले. १९६२ साली सर्वोच्च न्यायालयाने रात्रीच्या त्या भेटी घटनाबाह्य ठरवल्या, पण बाकीची पाळत कायम राखली, आणि खासगीपणा हा आपल्या घटनेने दिलेला हक्क नव्हे असेही म्हटले. न्यायमूर्ती सुब्बा राव यांनी मात्र निराळे मत दिले: ज्याच्या प्रत्येक पावलावर डोळा आहे तो हिंडता असला तरी मोकळा नव्हे, असा त्याचा मथितार्थ. हे अल्पमत बहुमत व्हावयास पंचावन्न वर्षे लागली. २४ ऑगस्ट २०१७ रोजी नऊ न्यायमूर्तींनी एकमताने खासगीपणा हा मूलभूत हक्क ठरवला. त्या निकालातील एक भाग न्यायमूर्ती धनंजय चंद्रचूड यांचा, आणि त्यात त्यांनी आणीबाणीच्या काळात, १९७६ साली, आपल्या वडिलांनी ज्यास संमती दिली होती तो निर्णय चुकीचा होता असे स्पष्ट लिहिले. एका मराठी घराण्यातील ही गोष्ट आम्ही अभिमानाने नव्हे तर काहीशा अचंब्याने वाचली. पुढे ३ ऑक्टोबर २०२४ रोजी त्यांच्याच पीठाने तुरुंगातील कामाची जातवार वाटणी आणि कैद्यांच्या नोंदवहीतील जातीचा रकाना रद्द केला. चावडीवरची वही मिटून तोवर एकशे सहा वर्षे झाली होती.

२०१७ चा तो खटला ज्या प्रकरणातून निघाला ते आधारचे. देशातील पहिला आधार क्रमांक २९ सप्टेंबर २०१० रोजी महाराष्ट्रातच, नंदुरबार जिल्ह्यातील टेंभली या आदिवासी गावी दिला गेला. आज बोटांचे ठसे देताना कोणास ट्रान्सवाल आठवत नाही. शिधा, पेन्शन, शिष्यवृत्ती यांसाठी ते आपण होऊन देतो. २०१८ साली न्यायालयाने ही योजना कल्याणकारी कामांपुरती मान्य केली आणि खासगी कंपन्यांस तिच्यातून बाहेर काढले. शाळेच्या हजेरीशी तिचे नाते की चावडीच्या, हे आताच कसे सांगावे? म्हाताऱ्या मजुरणीच्या झिजलेल्या बोटांचा ठसा यंत्रावर उमटत नाही म्हणून ती रेशनच्या दुकानातून रिकामी परतते, तेव्हा एक बाजू दिसते. मधल्या माणसाने गिळलेली शिष्यवृत्ती मुलाच्या खात्यात थेट येऊन पडते, तेव्हा दुसरी.

विमुक्त समाजातील तरुणाची अडचण तर याहून चमत्कारिक आहे. सवलतीसाठी त्यास जातीचा दाखला हवा, आणि दाखल्यासाठी २१ नोव्हेंबर १९६१ पूर्वीचा काही पुरावा. आजोबा कधी शाळेत गेले नाहीत, जमीन नव्हती, मुक्काम एका गावी नव्हता. जन्ममृत्यूच्या नोंदीत नाव सापडेल तर सापडेल. मग तो गावच्या कोतवाल बुकापासून तालुक्याच्या दप्तरखान्यापर्यंत सारे रुमाल उलगडून घेतो. कारकून विचारतो, जुन्या पोलीस दप्तरात आजोबांची काही नोंद होती काय? आणि ती असावी अशीच तो मनोमन इच्छा करीत असतो.